क्रीडा-अनुदानास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री क्रीडा-अनुदान, मुक्काम सरकारी खजिना, यांसी,

वेरूळ, तालुका खुलताबाद, येथून एका जुन्या तालीमबाजाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपला आणि या गावचा प्रत्यक्ष परिचय नसताना आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण इतकेच, की अपरिचित थोरांस पत्र लिहिण्याची रूढी आपल्याकडे जुनी आहे आणि थोरांनी त्याचे उत्तर न देण्याची रूढी तीहूनही जुनी आहे. महामारीच्या दोन वर्षांत आपण आमच्या तालमीकडे फिरकला नाहीत याबद्दल कडक शब्दांत तक्रार करावी, असा गावातील तरुण मंडळींचा आग्रह होता. परंतु पूर्ण विचारांती मी अशा निष्कर्षाप्रत आलो आहे, की तक्रारीपेक्षा आभार मानणेच अधिक न्याय्य होईल, कारण आपण येण्याचे मनात आणले असतेत, तर आपल्या स्वागतासाठी जी कागदपत्रे जमवावी लागली असती, ती जमविण्यात आमच्या पैलवानांच्या अंगात उरलेली शक्तीही खर्ची पडली असती.

आमचे गाव आपणांस ठाऊक असेलच, निदान पर्यटन या शीर्षाखाली तरी. येथील एकविसाव्या लेण्यात, ज्यास रामेश्वर म्हणतात, शिवपार्वती अक्षक्रीडेत मग्न आहेत. डाव पार्वतीने जिंकला आहे आणि शंकर आणखी एक डाव मागत आहेत, असे जाणते लोक सांगतात, तर खालच्या अंगास शिवगणांनी बिचाऱ्या नंदीची यथेच्छ थट्टा आरंभिली आहे. हाच प्रसंग चौदाव्या लेण्यात आणि एकोणतिसाव्यातही कोरलेला आहे. म्हणजे ज्यांनी हा डोंगर पोखरला, त्यांना देवाची करमणूक ही एकदा नव्हे तर तीनदा दगड खर्चण्याजोगी बाब वाटली, आणि त्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र मात्र कोठेही कोरलेले आढळत नाही. आमच्या तालमींचा देव तर येथून हाकेच्या अंतरावर, खुलताबादेस, भद्रा मारुती या नावाने चक्क निद्रिस्त आहे. बहुतेक ठिकाणी गदा घेऊन उभा असलेला हा बलभीम येथे आडवा का झाला, याची पुराणातली कथा काहीही असो, ८ एप्रिल २०२०च्या हनुमान जयंतीस, जेव्हा दरवर्षी औरंगाबादेहून रात्रभर पायी चालत येणारी हजारोंची रीघ एकाएकी थांबली, तेव्हा त्याची ती मुद्रा मला प्रथमच समर्पक वाटली.

आता मुख्य मजकुराकडे वळतो. आपण शहरी वातावरणात वाढलेले असल्यामुळे खेड्यातील कुस्तीचा जमाखर्च कसा चालतो, हे आपणांस कोणी सांगितले नसावे. गावच्या यात्रेपूर्वी पंचमंडळी घरोघर फिरून लोकवर्गणी गोळा करतात. कोणी शंभर देतो, कोणी पाचशे, एखादा नवा ट्रॅक्टर घेतलेला बागाईतदार शेवटच्या कुस्तीचे इनाम आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पुकारतो. यात्रेच्या दिवशी दुपार कलली, की हलगी कडाडते, पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळांवर सुटतात, मग शेकड्यांच्या, मग हजारांच्या, आणि सूर्य मावळतीस टेकला म्हणजे शेवटची निकाली कुस्ती लागते. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई, हा याच इनामांतून निघतो. वस्तादाला मिळाला तर फेटा मिळतो, आणि हलगीवाल्याच्या हातावर जे पडते ते त्याच्या घरी महिनाभर पुरवून खाल्ले जाते. या सर्व व्यवहारात सरकारचा एक पैसा नसतो आणि सरकारला त्याचा एक कागदही ठाऊक नसतो. आखाड्यातील लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू हे सारे मिसळलेले असते. आपण तेवढे त्यात कधी मिसळला नाहीत.

तेव्हा आपण दिले नाही, ही आमची तक्रार असूच शकत नाही. आम्ही कधी मागितलेच नव्हते. पण यात्रांचा हंगाम म्हणजे मुख्यतः चैत्र-वैशाख, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा नेमका चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, गुढीपाडव्याचा होता. दुसऱ्या वर्षी तर योगायोगाने कमाल केली. ११ मार्च २०२१ रोजी महाशिवरात्र होती, घृष्णेश्वराचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस, आणि आमच्या जिल्ह्यातील अंशतः टाळेबंदीचा आरंभ त्याच दिवशी झाला. पुढे १३ एप्रिलला, पुन्हा पाडव्याच्याच संध्याकाळी, राज्यभरासाठी कडक निर्बंधांची घोषणा झाली. एका पाठोपाठ एक असे दोन हंगाम हुकमाने बरखास्त झाले. तो हुकूम योग्यच होता, हे मी येथे स्वच्छ शब्दांत नमूद करून ठेवतो. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या काखेत घेतल्यावाचून सलामीच्या पुढे जाता येत नाही, तो खेळ दोन गजांच्या अंतरावरून खेळण्याची युक्ती कोणत्याही वस्तादाला अवगत नव्हती. पण ज्याचा व्यवसाय हुकमाने बंद होतो, त्याची नोंद हुकूम काढणाऱ्याच्या दफ्तरी असावी की नाही, एवढाच माझा भाबडा प्रश्न आहे.

कारण त्याच पाडव्याला ५,४७६ कोटी रुपयांच्या साहाय्याचीही घोषणा झाली होती. परवानाधारक रिक्षाचालकांस पंधराशे रुपये, नोंदणीकृत बांधकाम मजुरांस पंधराशे, नोंदणीकृत फेरीवाल्यांस पंधराशे, आदिवासी कुटुंबांस दोन हजार. ऑगस्टात राज्यातील ५६ हजार कलावंतांस प्रत्येकी पाच हजार देण्याचे ठरले. ही आपली धाकटी भावंडे गरिबाच्या दारी गेली, यात मला आनंदच आहे. रक्कम लहान होती, पण दार तरी वाजले. वस्ताद, पैलवान, पंच आणि मैदान आखणारा यांची नावे मात्र कोणत्याच यादीत नव्हती, कारण ती मुळी कोणत्याच वहीत नव्हती, आणि सरकारी दृष्टीला मनुष्य दिसतो तो वहीत असला म्हणजेच. परिणामी मातीत घुमणारे पठ्ठे दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस गेले आणि कित्येकांचा बदाम आधी सुटला, मग दूध सुटले, मग मेहनतही सुटली. जानेवारी २०२०मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला, त्यानंतर थेट एप्रिल २०२२मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील. मधल्या काळात ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्यांना वाढत्या वयाकडून मुदतवाढ मिळाली नाही.

कोणते दार कधी उघडले, याचा क्रमही मनन करण्याजोगा आहे. मद्याची दुकाने राज्यात अनेक ठिकाणी मे २०२०च्या पहिल्याच आठवड्यात उघडली. व्यायामशाळा २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. देवळे दिवाळीच्या पाडव्याला. आणि आमची लेणी १० डिसेंबरला. यावरून शरीर बिघडविण्याची सोय शरीर कमावण्याच्या सोयीच्या साडेपाच महिने आधी करावी, असे धोरण होते असे कोणी म्हणेल, पण मी म्हणणार नाही. पहिल्या दारातून महसूल आत येतो आणि दुसऱ्यातून फक्त घाम गाळलेली माणसे बाहेर येतात, हे अर्थशास्त्र मला समजते.

आपण स्वतः त्या काळी कोठे होता, याचाही मी शोध घेतला, आणि आपली प्रकृतीच त्या वेळी चिंताजनक होती, हे कळल्यावर माझा राग पुष्कळ निवळला. ४ मे २०२०च्या वित्त विभागाच्या निर्णयाने त्या वर्षीच्या विकासखर्चाची मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली. आरोग्य, मदत व पुनर्वसन, अन्न व नागरी पुरवठा अशी खाती अग्रक्रमाची ठरली, आणि आपण अर्थातच उरलेल्यांत बसला. दिल्लीच्या आपल्या वडील बंधूंचीही तीच अवस्था. केंद्राच्या युवक व क्रीडा खात्याच्या खर्चाचा २०२०-२१चा अंदाज २,८२६.९२ कोटींचा होता तो सुधारित होऊन १,८००.१५ कोटी झाला, आणि ‘खेलो इंडिया’चे ८९०.४२ कोटी ३२८.७७ कोटींवर उतरले. वरळीच्या क्रीडागृहात खेळाडूंऐवजी रुग्णशय्या मांडल्या गेल्या. प्राणवायूचा सिलिंडर आणि पैलवानाचे बदाम यांत निवड करायची वेळ आली, तर मीही सिलिंडरच निवडीन. लंगोट लावणाऱ्यालाही श्वास लागतोच.

परंतु साथ काही फक्त आमच्याच मुलखात नव्हती. इंग्लंडात टाळेबंदी लागून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ३१ मार्च २०२० रोजी तेथील क्रीडामंडळाने १९.५ कोटी पौंड बाजूस काढले, आणि त्यांतले दोन कोटी गल्लीबोळांतील लहान क्लबांसाठी राखून, तीनशे पौंडांपासून दहा हजार पौंडांपर्यंत मदत देऊ केली. मला त्या दहा हजारांचे कौतुक नाही, तीनशेचे आहे. तीनशे पौंडांएवढ्या क्षुद्र रकमेसाठी अर्ज स्वीकारणारे दफ्तर असू शकते, ही कल्पनाच मला काव्यमय वाटते. पुढे नोव्हेंबरात तीस कोटी पौंडांचा हिवाळी निधी जाहीर झाला, तेव्हा जवळजवळ निम्मा एकट्या रग्बीकडे वळला आणि एकंदरीत पुष्कळसा कर्जाच्या रूपाने. तेव्हा मोठ्याच्या ताटात मोठा घास हा नियम गोऱ्या लोकांतही पाळला जातो. न्यूझीलंडने मे २०२०मध्येच साडेसव्वीस कोटी डॉलर खेळासाठी जाहीर केले. तेथे अर्थमंत्री आणि क्रीडामंत्री ही एकच व्यक्ती होती, म्हणजे तिजोरीची किल्ली आणि पंचाची शिट्टी एकाच खिशात. असा योग आपल्या पत्रिकेत नाही.

आपल्या भेटीचे नियम मला माहीत नाहीत असे समजू नये. आपल्या घराण्यात व्यायामशाळा विकास अनुदान नावाची एक शाखा आहे, आणि तिच्या दर्शनास संस्थेची नोंदणी, जागेचा उतारा, लेखापरीक्षकाचे अहवाल अशी पूजासामग्री न्यावी लागते. गावठाणातली तालीम मारुतीच्या देवळाला खेटून पिढ्यान्‌पिढ्या उभी असते. तिचा सातबारा मागणे म्हणजे मारुतीचा जन्मदाखला मागणे होय. त्यातून आमच्या वेरुळाला आणखी एक मान लाभलेला आहे: २०१०च्या कायद्याने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढील दोनशे मीटरांत परवानगीचे बंधन. म्हणजे शिवपार्वतींच्या खेळाच्या रक्षणार्थ गावाच्या खेळाला जरा लांब उभे राहावे लागते. त्यास माझी हरकत नाही. ते आधीपासून खेळत आहेत.

एवढे सगळे लिहूनही आपण अस्तित्वात आहात की नाही, अशी शंका मनात घर करून होती. ती डिसेंबर २०२४मध्ये फिटली. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये नाहीसे झाल्याबद्दल पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दरमहा तेरा हजारांवर काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने ही रक्कम इंटरनेट बँकिंगने परस्पर वळविल्याचा आरोप झाला, आणि तीतून उंची मोटारी व प्रशस्त सदनिका घेतल्या गेल्याचे तपासात निघाल्याच्या बातम्या आल्या. खरे-खोटे न्यायालय ठरवील, त्यात मी पडत नाही. मला जी गोष्ट चकित करून गेली ती निराळीच: आपण आमच्यापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर, एवढ्या भरघोस देहाने, इतके दिवस स्वस्थ पडून होता! आणि ज्या दाराशी तालमीला सातबारा दाखवावा लागतो, त्या दारातून आपण सही-शिक्क्याचा एवढा थोडा त्रास घेऊन बाहेर पडू शकता, हे आम्हांस आधी कळते, तर आम्ही उतारे काढण्यापेक्षा पोरांना संगणक शिकविला असता.

तरी आपल्याकडे मागणे एकच आहे, आणि ते रकमेचे नाही. साथ पुन्हा येईल तेव्हा यात्रा बंद करण्याचा हुकूमही पुन्हा निघेल आणि तो आम्ही पुन्हा मुकाट्याने पाळू. त्या हुकमाच्या मसुद्यात, खालच्या बाजूस बारीक अक्षरांत का होईना, एक कलम घालण्याची तजवीज व्हावी. ज्या गावची दंगल हुकमाने रद्द होईल, त्या गावच्या यात्रा कमिटीची मागल्या वर्षीची जमाखर्चाची वही ग्रामसेवकाने रुजू करून घ्यावी, आणि तीत ज्या वस्तादांची, पंचांची, हलगीवाल्यांची व इनाम घेतलेल्या पैलवानांची नावे असतील त्यांस रिक्षावाल्याइतके, पंधराशे म्हणा, द्यावेत. वही कच्ची असते, पण खोटी नसते. वर्गणी देणाराच ती वाचतो, आणि भर चावडीवर मोठ्याने वाचतो. याहून कडक लेखापरीक्षण आपल्या दफ्तरात होत असेल, असे वरील बातमीवरून तरी वाटत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कोणत्याही यादीत नसलेला,
वेरूळचा एक तालीमबाज

ता. क. उत्तर पाठविण्याचे मनात आल्यास ते वस्तादांच्या हाती द्यावे. ते पहाटे तालमीत भेटतात. उन्हे वर आल्यावर ज्याच्या शेतावर त्या दिवशी काम मिळाले असेल, तेथे चौकशी करावी.