जिन्याखालचा टीव्ही: बसवावा कसा, वाचावा कसा

जिन्याखाली टीव्ही लावून त्यावर सोसायटीच्या सूचना फिरत्या ठेवाव्यात, हा ठराव पुण्यातल्या कुठल्याही वार्षिक सभेत मंजूर होतो. मतभेद असतो तो भिंतीबद्दल. तो तीन सभांत मिटला की पुढचं सोपं आहे.

टीव्हीच्या पाठीला रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक चिकटवावा. (हे यंत्र २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालं, तेही मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. तेव्हा कमिटीच्या हाती देण्याआधी इमारतीतलं एखादं सातवीतलं मूल गाठावं.) एचडीएमआयची केबल जोडावी. चालू होताच ब्राउझर पडदाभर उघडेल, अशी तजवीज करावी. सूचना गूगल स्लाइड्समध्ये कराव्यात, ‘पब्लिश टू वेब’मधून मिळणारी लिंक ब्राउझरला द्यावी, शेवटची स्लाइड संपली की पुन्हा पहिली यावी असं ठरवून टाकावं. आता सेक्रेटरी लेकीकडे बाणेरला गेले तरी तिथून सूचना बदलू शकतात. बदल खाली दिसायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात त्यांनी वॉचमनला सहा फोन करू नयेत.

पासवर्ड दोघांकडे असावा. एकाकडेच राहिला, तर तो अमेरिकेला जातो आणि गणेशोत्सवाच्या शुभेच्छा दिवाळीपर्यंत फिरतात.

फॉन्ट युनिकोडच घ्यावा. जुन्या फॉन्टांत वरून मराठी दिसतं, पोटात रोमन अक्षरं असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर थकबाकीदारांची यादी उघडली की नुसती इंग्रजी कचकच दिसते. भारतीय लिप्या संगणकावर नांदाव्यात म्हणून झटणारी सी-डॅक १९८८ पासून इथे पुण्यात आहे, आणि आपली यादी मात्र कुणाला वाचता येऊ नये! थकबाकीदारांची अर्थात तक्रार नसते.

खरी मेख सेकंदांची आहे. एक स्लाइड किती वेळ थांबावी, यासाठी गूगल स्लाइड्स एका सेकंदापासून एका मिनिटापर्यंतचे पर्याय देतं. ते बनवणाऱ्यांनी पुणेकर वाचक धरलेलाच नाही. सूचना समजायला पाच सेकंद पुरतात, पण आपण समजण्यासाठी वाचतो कुठे? ‘पाणि’ दिसल्यावर थांबायचं, मागे वळायचं, चष्मा काढून पुसायचा, सोबत्याला दाखवायचं, एवढ्यात स्लाइड निघून जाते आणि तिथे योगासन वर्गाची जाहिरात येते. जुन्या फळ्यावर बोटाने वेलांटी पुसून दीर्घ करता यायची. खाली ‘हे कोणी ठरवले?’ असं लिहिता यायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली उत्तरही सापडायचं. टीव्हीवर वाद घालायला जागाच नाही. म्हणून पूर्ण एक मिनिट ठेवावं. बारा स्लाइड्स असल्या तर हुकलेली सूचना परत यायला अकरा मिनिटं लागतील, पण तेवढ्यात अजून दोघं जमतात आणि विषय रंगतो.

राहता राहिला गुरुवार. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ या पुरवणीसह. ही स्लाइड बुधवारपासूनच पहिली ठेवावी. मात्र वीजवाल्यांच्या दुरुस्तीचा वारही परंपरेने गुरुवारच. बादल्या भरल्या की नाहीत, हे नेमकं आठवायच्या वेळी टीव्ही काळा असतो. वीज परत आली तरी बरेच टीव्ही आपणहून चालू होत नाहीत, रिमोट दाबावा लागतो. आणि रिमोट हरवू नये म्हणून तो सेक्रेटरींच्या कपाटात असतो, सेक्रेटरी बाणेरला.

यावर उपाय म्हणून जुना फळा काढू नये. तो टीव्हीच्या बरोबर खाली टांगावा, खडू दोरीने बांधून ठेवावा आणि शेजारी रंगवलेली पाटी लावावी:

‘टीव्हीवरील सूचना एका मिनिटाने बदलते. तोवर उभे राहावे. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या फळ्यावर कराव्यात, पडद्यावर करू नयेत. (एकदा केल्या आहेत.)’