हात मागे!

शाळेत सहलप्रमुख कुणाला करायचं, याचा नियम कुठे लिहिलेला नाही. ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात सुविचाराचा फळा पडतो, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात स्नेहसंमेलन, आणि ज्याला मुळातच झोप कमी त्याच्या गळ्यात सहल. आमच्या वारज्याच्या शाळेत हे पद वर्षानुवर्षं एकाच सरांकडे आहे. मुख्याध्यापिका बदलल्या, गणवेशाचा रंग बदलला, माळवाडीच्या शेतांत सोसायट्या उगवल्या. सहलप्रमुख तेच राहिले. मुलं त्यांना पाठीमागे 'मोजणी सर' म्हणतात. सरांना ते ठाऊक आहे आणि त्यात अपमान वाटत नाही. १९९७ मध्ये वारजे महापालिकेत गेलं आणि गुंठ्यागुंठ्याला भाव आला. अशा गावात मोजणीवाल्याला लोक खुर्ची देतात, चहा विचारतात.

विषय गणित. वर्गात ते अपूर्णांक, दशांश, टक्केवारी सगळं शिकवतात. सहलीला निघाले की पूर्णांकाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत.

सरांचं सहलीचं तत्त्वज्ञान साधं आहे. सहल म्हणजे मुलं मोजणे. मोजून झाल्यावर पुन्हा मोजेपर्यंत जो वेळ उरतो, त्यात मुलांना काही बघायला हवं म्हणून संग्रहालय. शाळेच्या फाटकात एकदा, बसमध्ये चढताना एकदा, चढल्यावर एकदा, गणपती माथ्यापाशी बस वळली की एकदा. मोजताना दोन बोटं हवेत टकटक चालतात आणि ओठ हलतात. त्या वेळी मोठ्या बाईंचा फोन आला तर 'हॅलो'च्या जागी 'सव्वीस' असं उत्तर जातं. मोठ्या बाई समजूतदार आहेत. त्या सव्वीस ऐकून फोन ठेवतात.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, स्फोटकं लावून पाडला. वारजे-बावधन-कोथरूडच्या लोकांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर एकटेच गप्प होते. शेवटी म्हणाले, "बाई, तिथे बस अर्धा-अर्धा तास हलायची नाही. इतकी निवांत मोजणी आता कुठे व्हायची?"

मुलांची त्यांनी स्वतःची वर्गवारी केलेली आहे. उलटीवाले पुढे, ड्रायव्हरच्या मागे. शू-वाले दाराजवळ. डबा आत्ताच उघडणारे सरांच्या नजरेसमोर. आणि प्रश्नवाले माझ्याकडे. "मी डोक्याला, तुम्ही शेपटाला," असं त्यांनी मला पहिल्याच सहलीला सांगितलं, तेव्हापासून मी रांगेच्या शेपटाला असते आणि प्रश्नवाले माझ्याभोवती. त्यांना सर सगळ्यांत जास्त घाबरतात. उलटीवाल्याला आवळासुपारी देता येते. प्रश्नवाल्याला द्यायला त्यांच्या पिशवीत काही नसतं, आणि त्या पिशवीत ओवा, लिंबू, जुनी वर्तमानपत्रं, सेफ्टी पिना, दोरी, एक जादा चड्डी आणि सगळ्या पालकांची संमतीपत्रं इतकं सामान असतं. मुलांची नावं सहलीत रद्द होतात. "ए निळी बाटली, रांगेत!" "पिवळी टोपी, खिडकीतून हात आत!" निळ्या बाटल्या सहा असल्या तर सहाही दचकतात, त्यामुळे पद्धत परिणामकारक आहे.

आता थोडा वेळ हसणं थांबवते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, परवानग्यांचे कागद वाढले. सरांची मोजणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. त्या दिवसानंतर तिच्यात एकाही मोजणीची भर पडली नाही. फक्त स्टाफरूममध्ये त्यांच्या दोन बोटांची जी नक्कल चालायची, ती कुणीच केली नाही पुन्हा.

तर, केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेत मोठी बस आत जात नाही, म्हणून बाजीराव रस्त्याला उतरायचं आणि जोड्या करून चालायचं. दारात आरोळी: "हात मागे!" एका क्षणात चव्वेचाळीस मुलांचे हात पाठीमागे. हात मागे बांधले की मूल नाकाने बघायला लागतं. काचेच्या प्रत्येक कपाटावर, मुलांच्या उंचीला, नाकांच्या ठशांची एक रांग उमटत जाते. दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे, वाद्यं, आणि सरांचं सगळ्यांसाठी एकच विवरण: "हे सगळं जुनं आहे. पुढे चला."

एका प्रश्नवाल्याने वज्री बघून विचारलं, "ही पाय घासायची, तर तिच्यावर पक्षी कशाला?" मी त्याला सांगू लागले, की रोजच्या वापरातल्या वस्तूसुद्धा देखण्या असाव्यात असं वाटणारी माणसं होती, आणि अशा वस्तू गावोगाव हिंडून गोळा करणारे दिनकर केळकर होते. घरचं चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला. १९७५ मध्ये त्यांनी हे सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू आणि त्यातल्या थोड्याच मांडलेल्या, हे ऐकून सर डोक्याकडून शेपटापर्यंत चालत आले.

"वीस हजार? यादी करून दिल्या असतील ना?"

"असतील."

"आणि मांडलेल्या थोड्याच. म्हणजे बाकीच्यांना आत बसवून ठेवलंय." कपाटाकडे बघत ते आदराने म्हणाले, "हुशार माणूस."

बाहेर येऊन मोजलं तर पंचेचाळीस. पुन्हा मोजलं, पंचेचाळीसच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, एक जास्त आहे ना, मग बिघडलं कुठे. सर पांढरे पडले. "बाई, जास्त आलेला म्हणजे कुणाचा तरी कमी झालेला." तेवढ्याच निळ्या रंगाचा सदरा घातलेला दुसऱ्या शाळेचा एक मुलगा आमच्या रांगेत, हात मागे बांधून, शिस्तीत उभा होता. त्याला स्वतःच्या शाळेपेक्षा ही रांग बरी वाटली असावी. त्याच्या बाई वरच्या मजल्यावर वाद्यं बघत होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. सरांनी मुलगा त्यांच्या हाती दिला आणि त्यांच्याकडून वहीत सही घेतली. ती वही अजून आहे.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सरांनी अनेकदा दाखवलंय आणि एकदाही पाहिलेलं नाही. तिथे गाड्या सुटतात, सिग्नल पडतात, फाटकं लागतात, आणि मग रात्रीचा देखावा दाखवायला दिवे मालवतात. मुलं "आऽऽ" करतात. सर त्या क्षणी दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे असतात. अंधारात ते मुलांना आवाजावरून मोजतात असं शिपाईमामांचं म्हणणं आहे. मला ते शक्य वाटतं.

या सगळ्या व्यवस्थेला सुरुंग लागला तो आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत. 'पुलस्त्य' नावाच्या इमारतीत. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. इथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून दाखवण्यात बरीच वर्षं घालवली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचे त्रिकोण-चौकोन करायची त्यांची युक्ती १९७० च्या दशकातली, होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या प्रयोगातली.

दारात सरांनी सवयीने आरोळी दिली, "हात मागे!" तिथल्या ताई हसून म्हणाल्या, "सर, इथे हात पुढे लागतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मुलांना हात लावू द्यायचा, ही कल्पना काही आजची नाही. मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ मध्ये निघालं. १९६० च्या दशकात बोस्टनच्या बालसंग्रहालयात मायकेल स्पॉक संचालक झाले आणि त्यांनी वस्तू काचेबाहेर काढून मुलांच्या हातात दिल्या. आपल्याकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून वेगळं बालसंग्रहालय आहे. हे मी सरांना बसमध्ये सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "अमेरिकेत पोरं कमी असतात." मुंबईचं काय, हे त्यांनी गाळलं.

ताईंनी मुलांना जमिनीवर गोल बसवलं. गोल! सरळ रेषा मोडली की सरांचं अर्धं बळ जातं. गोलात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला? त्यांनी एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खुणेचा दगड केला आणि मोजत निघाले. तोवर तो दगड कात्री आणायला उठून गेला. दुसरी फेरी सुरू केली तर ताईंनी त्यांच्याही हातात एक स्ट्रॉ दिली. "सर, तुम्हीपण बसा ना."

मोठ्या माणसाला जमिनीवर बसवणं हेही एक कौशल्य आहे. त्या ताईंना ते होतं. सर बसले. स्ट्रॉचं टोक चपटं करायचं, दोन्हीकडून तिरपं कापून त्याची टोकदार चोच करायची, ती ओठांत धरायची आणि फुंकायचं. मुलांच्या स्ट्रॉमधून नुसतीच हवा जात होती. सरांनी आयुष्यभर शिट्टी वाजवलेली. त्यांच्या पहिल्याच फुंकेला अशी कर्कश पिपाणी वाजली की चव्वेचाळीस मुलं ताडकन उठली, जोड्या झाल्या, आणि हात मागे बांधून दाराकडे तोंड करून उभी राहिली.

ताईंना असं दृश्य नवीन होतं. त्या म्हणाल्या, "बापरे."

"बसा, बसा," सर ओशाळून म्हणाले. बहुधा प्रथमच ते रांग मोडायला सांगत होते, आणि मुलांना खरं वाटेना.

मग ताईंनी सांगितलं, की वाजवता वाजवता स्ट्रॉ पुढून थोडी थोडी कापत चला. मुलं कापू लागली. सरही. एक तुकडा कापला, आवाज बारीक. आणखी एक कापला, आणखी बारीक. माझ्या ताब्यातली एक प्रश्नवाली, जिला सर नेहमी दहा हात लांब ठेवतात, त्यांच्या शेजारी सरकून बसली होती. तिने विचारलं, "सर, असं का होतं?"

सर म्हणाले, "थांब." मला वाटलं आता 'पुढे चला' येणार. त्यांनी आणखी एक तुकडा कापला, वाजवून पाहिलं, कान दिला, पुन्हा कापला. गालांवर घाम. शेवटी स्ट्रॉ पेराएवढी उरली आणि ती चिमणीसारखी ओरडली. त्यांनी ताईंकडे दुसरी मागितली.

त्या तासाभरात एकदाही मोजणी झाली नाही. ती कामगिरी पिवळ्या टोपीने परस्पर उरकली. दारातून आत-बाहेर करत, दोन बोटं हवेत नाचवत, ओठ हलवत. मी तिला विचारलं, "किती?" तिने मान हलवली, मोजताना बोलायचं नसतं.

परतीच्या बसमध्ये चव्वेचाळीस पिपाण्या वाजत होत्या आणि ड्रायव्हर आमच्या शाळेला पुन्हा कधी गाडी द्यायची नाही असं मनाशी ठरवत असावा. सर उलटीवाल्यांच्या शेजारी बसून खिशातल्या तुकड्यांची लांबी पट्टीने मोजत होते.

सहलीनंतर अहवाल द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, 'अध्ययन निष्पत्ती'. दरवर्षी सर तिथे एकच वाक्य लिहितात: 'गेले ४४, आले ४४.' दरवर्षी मोठ्या बाई तो परत पाठवतात, की ही निष्पत्ती नव्हे, हजेरी झाली. दरवर्षी सर तोच कागद तसाच पुन्हा देतात आणि बाई कंटाळून सही करतात. यंदाही कागद परत आला. यंदा सरांनी तो घेतला, पेनचं टोपण काढलं, बराच वेळ विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली:

'नळी अर्धी केली की आवाज जवळजवळ दुप्पट चढतो. टीप: जवळजवळ का, ते पाहण्यासाठी स्ट्रॉचे एक पाकीट मंजूर व्हावे.'

मोठ्या बाईंनी सही केली आणि बाजूला लिहिलं, 'खर्च सहल निधीतून नको.'