हयातीपुरते अभयपत्र
बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून आपल्या ग्रंथालयात कडेकोट बंदोबस्तात ठेवल्या, तेव्हा मुलाखत देणाऱ्या निवेदकांच्या करारनाम्यात, त्यांच्या हयातीत त्यांच्या संमतीवाचून एक अक्षरही बाहेर जाणार नाही, असा भरघोस दिलासा होता. मात्र प्रकल्पप्रमुखाशी झालेल्या करारात नमूद असलेली ‘अमेरिकी कायदा अनुमती देईल तेथवर’ ही मर्यादा निवेदकांच्या कागदावर उतरविण्याचे राहून गेले, आणि ज्याची मान अडकायची नेमक्या त्याच्याच दस्तऐवजात हा विसर पडावा, याबद्दल बिचाऱ्या कारकुनास बोल लावणे अनुदारपणाचे होईल. दोन निवेदक निवर्तल्यावर २०१० मध्ये त्यांच्या कथनावर पुस्तक निघाले, तेव्हा कीर्ती संशोधनाच्या वाट्याला आली. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून मुलाखती हवाली करण्याचे अमेरिकी सरकारचे समन्स आले, तेव्हा कबुलीजबाब ज्याचा त्याचा ठरला. (विश्वासात घेणे ही क्रिया विद्यापीठांत बहुधा एकाच दिशेने चालते.) न्यायालयात यथासांग झगडा झाला, काही फिती पोलिसांकडे रवाना झाल्या, आणि त्यानंतर २०१४ मध्ये कॉलेजने औदार्याने जाहीर केले की, ज्यास इच्छा असेल त्याने आपली मुलाखत परत न्यावी.