डिंकाची जातपडताळणी

नेदरलँड्समध्ये सांडपाण्याच्या गाळातून डिंक काढतात. बाळंतिणीच्या लाडवांत घालायचा नव्हे, घाबरू नका. त्याचं नाव काउमेरा. २०१९ साली झुटफेनला दूधकारखान्याच्या सांडपाण्यातून तो निघू लागला. मग एपे गावात चक्क घरोघरच्या मोऱ्या-संडासांच्या पाण्यातून. पाणी शुद्ध करणारे जिवाणू एकमेकांना धरून राहायला हा चिकट पदार्थ अंगातून सोडतात. गाळ अल्कलीत तापवायचा, वर आम्ल घालायचं, की डिंक हाती. डेल्फ्टच्या मार्क व्हान लोसड्रेख्त यांच्यासारख्या प्राध्यापकांनी आयुष्यं घातली आहेत यात. हा डिंक पाणी धरतोही आणि अडवतोही. असा दुहेरी गुण असलेल्याला आपल्याकडे निदान एखादं महामंडळ तरी मिळतं.

त्याच देशात २०१६ साली लेउवार्डन ते स्टीन्स सायकलमार्गाच्या डांबरात वापरलेल्या टॉयलेट पेपरचे तंतू मिसळले. अख्खा एक किलोमीटर! आपल्याकडे डांबरात डांबर निघालं तरी सत्कार होतो.

पण गाळातून डिंक सुटला, तरी सरकारी कागदांतून सुटेना. युरोपचा कायदा म्हणतो, कचऱ्याच्या पोटी जन्मलेला तो कचराच. शेतीला उपयोगी पडा, काँक्रीटवर लेप होऊन बसा, कचरापण संपल्याचा दाखला आणल्याशिवाय बाजारात उजळ माथ्याने फिरायचं नाही. वास गेला, जन्म जात नाही. जात पडताळणी समितीसमोर बसलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मालाच्या बाबतीत मात्र आपण उदार. सोनारआळीतल्या गटाराचा गाळ झारेकरी उपसतात, धुतात, त्यातून सोन्याचे कण वेचतात. ते सोनं आटून पुन्हा पेढीवर येतं, तिथून लग्नात नवरीच्या गळ्यात. हे कोणत्या गटारातून आलं, असं वरमाय विचारत नाही. नाकाला पदर लावायचा तो झारेकरी दारावरून जाताना.

गटारात उतरणाऱ्या माणसाचं तर काय सांगावं! सुरक्षासाधनांशिवाय त्याला उतरवू नये, असा २०१३चा कायदा आहे. तो आत गुदमरून मेला की कंत्राटदार सांगतो, आम्ही नको म्हणत होतो, तोच उतरला.

डिंकाला दाखला आज ना उद्या मिळेल. या माणसाचा मुलगा शिकून, नोकरीला लागून शहरात भाड्याचं घर बघायला जातो, तेव्हा घरमालक पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारतो.