भावी धावपटू

चौकातल्या फ्लेक्सवर जसे भावी नगरसेवक असतात, तसे प्रत्येक सोसायटीत एक भावी धावपटू असतात. नगरसेवकाचं तिकिटावर अडलेलं असतं, ह्यांचं बुटावर. ‘एकदा बूट आले की सुरू,’ हे वाक्य ते गणपतीत म्हणतात, दिवाळीत म्हणतात आणि थंडी पडली की स्वेटरच्या खिशात हात घालून जरा ठासून म्हणतात.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले भावी धावपटू एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. वय शेहेचाळीस, कोलेस्टेरॉल त्याच्या बरंच पुढे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ‘रोज चालत जा’ एवढंच सांगितलं होतं. पण चालणं हे पेन्शनरांचं काम, अशी ह्यांची ठाम समजूत. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यात परस्पर वाढ करून त्यांनी धावायचं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी बुटांची चौकशी सुरू केली. बजेट दोन हजार, फार तर अडीच. ‘शाळेत नाही का आपण खडू फासलेल्या कॅनव्हासवर शंभर मीटर पळायचो!’ असं ते सांगतात. नंबर कितवा यायचा ते सांगत नाहीत.

बँकेत कर्जदाराची होते ती सगळी छाननी मग बुटांच्या वाट्याला आली. एक्सेलमध्ये तक्ता झाला: वजन, फोम, सोल, किंमत, सेलमधली किंमत आणि ‘ड्रॉप’. उभ्या पायाखाली टाचेशी बूट किती जाड आणि चवड्याशी किती, ह्यातला फरक म्हणजे ड्रॉप. तो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण शून्य ते बारापर्यंत असतो. हे ज्ञान मला लिफ्टमध्ये मिळालं. चौथा मजला आला, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट आम्हाला घेऊन पुन्हा तळमजल्यावर आली, तरी आम्ही अजून आठ मिलिमीटरवरच होतो.

त्यानंतर पायाची परीक्षा. ओलं पाऊल फरशीवर उमटवायचं. मधला भाग सगळा उमटला तर पाय सपाट, बारीक पट्टीच उमटली तर कमान उंच. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर काही कळेना, म्हणून हे बादली घेऊन पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर उतरले आणि जिन्यापासून मीटरबॉक्सपर्यंत पावलं उमटवत गेले. तळमजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, ‘गौरी एवढ्या लवकर?’ ह्यांचं लक्ष नव्हतं. ते ओणवे होऊन वाळण्याआधी फोटो काढत होते. खरं तर ह्या ठशावरून बूट ठरवण्यात फारसा अर्थ नाही, पायाला जो सुखाचा वाटतो तो घ्यावा, असं ह्या विषयातले जाणकारच आता म्हणतात. पण सुख एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात भरणार?

दुकानात ते संध्याकाळीच जातात. दिवसभरात पाय थोडे सुजतात, धावतानाही सुजतात, म्हणून माप सायंकाळचं घ्यावं, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. सोबत स्वतःचे मोजे, तेही बरोबर. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, म्हणून ते बुटाचं टोक दाबून पाहतात. टाचेमागची कड चिमटीत धरतात. मग बूट दोन्ही हातांत घेऊन ओल्या टॉवेलासारखा पिळतात. इथे विक्रेत्याचा धीर सुटतो.

‘काका, फाटेल.’

‘हा रनिंगचाच आहे ना?’

‘रनिंग, वॉकिंग, जिम, लग्नकार्य, सगळ्याला चालतो. घ्या बिनधास्त.’

लग्नकार्याला चालणारा बूट धावायला चालणार नाही, हे ह्यांना त्याच क्षणी कळतं, आणि ते योग्यच. आठ-नऊशे रुपयांच्या त्या जोडाला वर जाळी झकास असते, खाली मात्र दगडी सोल. ‘काका’ म्हटल्याचं दुःख वेगळं. ते बाहेर पडतात आणि समोर उसाचा रस पितात. कोलेस्टेरॉलला चालतो म्हणे.

महागडे बूट त्यांना पाठ आहेत. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात धावपटू किपचोगेनं १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हा त्याच्या पायात कार्बनची पट्टी घातलेला बूट होता. तसले बूट आज वीस हजारांच्या घरात जातात. आकडा ऐकला की हे लगेच अबेबे बिकिलाकडे वळतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पायाला बरा बसेल असा बूट मिळाला नाही, म्हणून तो अनवाणी पळाला आणि सुवर्णपदक घेऊन आला. आपल्याकडचे शिवनाथ सिंगही अनवाणी पळायचे. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन संपवली. तेव्हा बूट न मिळणं ही थोर परंपरा आहे, असं ह्यांचं मत. त्यावर वहिनी म्हणाल्या, ‘अहो, पण ते दोघे पळाले.’

वहिनींनी मग तक्त्याच्या तिसऱ्या ओळीतला, दोन मिलिमीटरवरून नापास झालेला जोड मागवला. आता त्या आठवड्यातून तीन दिवस तळजाईच्या टेकडीवर पळतात. हे यश ह्यांनी तक्त्याच्या खात्यावर जमा केलं आहे.

शेवटी ह्यांनीही घेतले. गेल्या वर्षीचं मॉडेल, नवं आलं म्हणून निम्म्या किमतीत काढलेलं. पैसे वाचवायचा हा उपाय खरोखर उत्तम आहे. मॉडेलच्या नावापुढे आकडा वाढतो, बुटात पुष्कळदा फरक पडतो तो रंगाचाच. ह्यांना पोपटी मिळाला. चोवीसशे रुपये. रनिंगचा बूट पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. सहाशे धरले तर किलोमीटरला चार रुपये. रिक्षापेक्षा स्वस्त, पण फुकट नव्हे. त्यामुळे बूट चालण्यात झिजवायचे नाहीत असा नियम झाला. ते तळजाईला स्कूटरवरून चपला घालून जातात. बूट पिशवीत. तिथे बाकावर बसून पायात चढवतात, नाड्या बांधतात, घोटे फिरवतात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे सोल बघतात, आणि वहिनींची फेरी झाली की चपला घालून परत येतात.

परवा मात्र बाकासमोरून एक सत्तरीचे आजोबा पळत गेले. पायात तोच बूट, तोच पोपटी. हे ताडकन उठले आणि मागे धावले. आजोबा थांबेनात. चढ आला, वळण आलं, वहिनी उलट्या दिशेनं येत होत्या त्या बघतच राहिल्या. अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे दोन रुपये खर्चून, ह्यांनी त्यांना गाठलं. तोंडातून शब्द फुटेना. आजोबांनी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

‘केवढ्याला... घेतले?’

‘काय?’

‘बूट. बूट.’

‘काय की हो,’ आजोबा म्हणाले. ‘मुलानं आणले,’ आणि पुढे पळाले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा पोटऱ्या आखडलेल्या होत्या, पण त्याबद्दल एक अक्षर नाही. चौथा मजला येईपर्यंत एवढंच म्हणत होते, ‘बुटाची किंमत माहीत नाही, ड्रॉप माहीत नाही आणि माणूस खुशाल धावतोय!’