वडखळ नाक्यावरच्या शेठना, कोळंबीबद्दल आभार

शेठ,

गेल्या रविवारी अलिबागहून परतताना तुमच्याकडे थांबलो होतो. मुलाला कोळंबी चालत नाही, हे ऑर्डर देतानाच दोनदा सांगितलं. ‘बटाटावड्यात कुठली आलीय कोळंबी?’ म्हणून तुम्ही हसलात. बरोबरच होतं तुमचं. वड्यात नव्हतीच ती, तेलात होती.

मागाहून भटारखान्यात डोकावलो. कढई एकच. कोळंबी निघाली की झारा काठावर दोनदा आपटायचा, झालं शुद्ध, सोडा वडे! आमची ऑर्डर नुसत्या वड्यांची. कोळंबी तुम्ही पदरची घातलीत. एवढा दिलदार माणूस हायवेवर भेटत नाही.

अर्धा वडा खाऊन होतोय तोच पोराचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. गल्ल्यावरून न उठता तुम्ही निदान केलंत : ‘पित्त आहे, आमसुलाचं पाणी चोळा.’ माझ्या आजीनंही मला चोळलंय. पण श्वास घरघरायला लागला की आमसूल घशात आतून कसं चोळायचं, ते सांगायचं राहिलं. तेव्हा लागतं मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, तेही ताबडतोब. ते पेणला मिळालं. तिथवरचे ट्रक मी कसे ओलांडले, ते विचारू नका.

वर ‘लहानपणापासून खाऊ घातलं असतं तर सवय झाली असती,’ हेही ऐकवलंत. शेठ, अ‍ॅलर्जी म्हणजे मिरचीचा तिखटपणा नव्हे. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळत्या तेलालाही दाद देत नाही. करंदी, जवळा, सोडे, चिंबोरी, सगळं एकच घराणं. पापलेट मात्र तो काट्यापर्यंत चाटून खातो, तेव्हा नखरे म्हणू नका.

तुम्ही घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूनं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार पाकिटावर कवचधारी, शेंगदाणे, दूध, अंडी यांची नोंद लागते. हॉटेलांपैकी मेनूवर ती लिहायची सक्ती केंद्रीय परवानावाल्यांना किंवा दहा वा त्याहून अधिक ठिकाणी पसरलेल्यांना. तुमचा पसारा एका नाक्यापुरता!

वड्यांना वेगळी कढई, वेगळा झारा ठेवा. तेवढं परवडत नसेल तर फळ्यावर लिहा : ‘वडे आणि कोळंबी एकाच तेलात.’ खडू माझ्याकडून.

त्या गडबडीत बिल द्यायचं राहिलंय. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा पैसे देईन आणि कढया मोजीन.

आपला,
एक गिऱ्हाईक