स्वस्तात मिळालेली पोर्श

हे गृहस्थ पुण्यात बाणेरपासून बिबवेवाडीपर्यंत कुठेही भेटतात. पन्नाशी उलटलेली, गृहकर्ज फिटलेलं, मुलं परदेशी आणि पार्किंगमध्ये दहा वर्षं जुनी पोर्श ९११. "नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत पडली," हे सांगताना मंडईत मटार घासाघीस करून घेतल्याचं समाधान चेहऱ्यावर असतं.

गाडीची किंमत उतरली, हे तिच्या सुट्या भागांना मात्र कुणी कळवलेलं नसतं. ते अजूनही नव्या गाडीच्या तोऱ्यात, वर कस्टम ड्यूटी भरून येतात. ऑइल लागतं साध्या हॅचबॅकच्या दुपटीनं. पहिल्या मालकानं हौसेनं सिरॅमिक ब्रेक घेतले असतील, तर चारही डिस्क बदलण्याच्या पैशांत वहिनींना नवी कोरी स्विफ्ट येईल. वहिनींना हे अजून माहीत नाही.

टायरचं दुःख वेगळंच. इंजिन मागे, त्यामुळे मागचे टायर लवकर झिजतात. आणि ते पुढच्यांपेक्षा रुंद, म्हणजे पुढे-मागे अदलाबदल करून आणखी वर्षभर ढकलण्याची आपली पिढीजात युक्ती बाद. गाडी बाहेर काढलीच नाही, तरी रबर म्हातारं होतंच. स्टेपनी नाही. तिच्या जागी पंक्चर बुजवायची एक बाटली आणि छोटासा पंप.

उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून ते तिला चार्जर लावून ठेवतात. तो कोणाच्या मीटरवर, यावर सोसायटीच्या सभेत पाऊण तास चर्चा झाली. लिफ्टचा विषय राहून गेला.

ताशी तीनशेच्या आसपास पळणारी ही गाडी एक्स्प्रेस वेवर शंभरच्या मर्यादेत चालते, कारण वर कॅमेरे आहेत. गल्लीतल्या गतिरोधकांवरून तर ती तिरकी, मुंगीच्या पावलांनी जाते, आणि मागचे रिक्षावाले हॉर्नवरून हात काढत नाहीत. इंडियन ऑइलनं २०२० साली शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात आणलं, तेव्हापासून त्यांना तेच लागतं. पंपावरचा पोरगा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" ते ऐकू न आल्यासारखं करतात. भाजी आणायला अर्थात वहिनींची जुनी वॅगन आर.

माणूस एरवी काटेकोर. दुधाचा खाडा, इस्त्रीचे कपडे, सगळं वहीत. गाडीची मात्र वही नाही. तिची बिलं ऑफिसच्या कपाटात, 'जुनी पत्रं' लिहिलेल्या फायलीत. मला वाटतं, बेरीज करायची भीती वाटण्याइतकं एखाद्या गोष्टीवर प्रेम असावं, हे या वयात कौतुकास्पदच आहे.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "काका, मेंटेनन्स फार असेल ना?"

"छे रे! वर्षाला एक सर्व्हिसिंग केलं की झालं." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, जरा आवाज उतरवून, "का? तुला हवीय का?"